तीस मिनिटांच्या आत

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज अकरा वेळा. शेवटच्या तीन वेळा नुसतं पिवळं पाणी. अकराव्या वेळी बेसिनला धरून उभी असताना ठरवलं — जे थांबवता येत नाही ते निदान मोजायचं. म्हणून ही वही.

सातवा आठवडा. फाइलवर लाल शिक्का आहे — "अतिजोखीम". शिक्का मारणाऱ्या बाईंनी तो इतक्या जोरात हाणला की टेबलावरचा पेला हलला. कारणं दोन. एक, मला सोळाव्या वर्षापासून फिट येतात. दोन, गेल्या वर्षीचं. दुसऱ्या कारणाबद्दल इथे काही लिहायचं नाही.

फिटची गोळी सकाळी आठ, संध्याकाळी आठ. ती चुकली तर फिट येणार, फिट आली तर मी पडणार, श्वास कोंडणार — माझा, आणि आत जे आहे त्याचाही. तेव्हा काम एकच : गोळी पोटात ठेवायची. आणि पोट तर पाण्याचा घोटही ठेवून घेत नाही.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी नियम दिलाय. गोळीनंतर तीस मिनिटांच्या आत उलटी झाली तर पूर्ण गोळी पुन्हा घ्यायची. त्यापुढे झाली तर घ्यायची नाही — तोवर ती रक्तात उतरलेली असते, आणि डबल झाली तर तेही वाईट.

सोपा नियम. मला नियम आवडतात.

पद्धत : खोलीत फोनचा गजर वाजला की गोळी. मग बाथरूम. उलटी झाली की मान वर करायची, समोर पॅसेजमध्ये भिंतीवर घड्याळ आहे, वेळ बघायची. हात धुऊन लगेच वहीत.

आज सकाळी : ८.०० गोळी, ८.४१ उलटी. एकेचाळीस मिनिटं. पुन्हा नको. संध्याकाळी पोटात राहिली!

बुधवार, ५ फेब्रुवारी

कामावर गेले. "घरी बसून काय होणार आहे, घरीही तेच करायचंय," असं नवऱ्याला सांगितलं.

आमची प्रयोगशाळा दुसऱ्यांची वजनं तपासते. दुकानातलं, औषधांच्या कारखान्यातलं वजन आमच्या वजनाशी ताडायचं आणि किती चुकतंय त्याचा दाखला द्यायचा. वजनांच्या खोलीत बोलायचं नाही, वजनाला बोट लावायचं नाही, काट्याजवळ श्वाससुद्धा जपून सोडायचा. श्वासाने आकडा हलतो. आणि मी तिथे तोंड दाबून उभी!

आज पुसायच्या स्पिरिटच्या वासाने दोनदा पळाले. मायक्रो दारात उभे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, मायक्रोग्रॅमवरून साहेबांशी भांडतात म्हणून हे नाव. माझ्या फिटचं कामावर फक्त त्यांना माहीत आहे.

"काय गं, सकाळी काय खाल्लंस?"

"काहीच नाही."

"मग बाहेर काय पडतंय?"

प्रश्न शास्त्रीय आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नऊ. सकाळी सदतीस मिनिटं. पुन्हा नको.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आई — म्हणजे सासूबाई. माझी आई चार वर्षांपूर्वी गेली — आज अखेर बोलल्याच.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही भाड्याची जागा सोडून त्यांच्याकडे राहायला आलो. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कोण कुठे अडकेल त्यावर त्याची वेळ. मला एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून. आई शिवणकाम करतात. टेप गळ्यात असते, पण वापरताना मी कधी पाहिली नाही. डोळ्याने माप घेतात. बरोबर येतं, याचा मला राग येतो.

मी बाथरूममधून बाहेर आले, तर मशीन थांबवून म्हणाल्या, "पाणी पोटात ठरत नाही आणि गोळ्या कशाला कोंबतेस?"

"त्या ठराव्यात म्हणून तर धडपड चाललीय, आई."

"मागच्या वेळी त्यांनीच घात केला. माझं दुधाने तोंड पोळलंय, बाई. मी ताकसुद्धा फुंकून पिणार."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"पोटात डॉक्टरांच्या आहे का?"

मी तशीच खोलीत आले. पण गोळी घेणार. एकही चुकवणार नाही. त्यांना काय बोलायचं ते बोलू दे!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझं वजन : १ तारखेला ५३.२. आज ५०.८. तोच काटा, तीच वेळ, तेच कपडे.

आईंनी माझा पायजमा दोरीवरून काढला, हातात धरला. "दोन बोटं आत घेते." मी म्हटलं, पुढे पोट वाढेल, कशाला आत घेता? "वाढेल तेव्हा उसवीन. आत्ता गळतोय, त्यात पाय अडकून पडशील." घेतला आत. बरोबर बसतो.

उलटीची गोळी सुरू केलीय, जिभेखाली विरघळणारी. त्यावरही आईंचं म्हणणं — "गोळीवर गोळी!" म्हटलं, हो, आता गोळीला राखणदार गोळी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नवरा आज लवकर आला. उकडलेला बटाटा बर्फात ठेवून घेऊन आला, कारण गार बटाट्याला वास नसतो असं त्याने कुठेतरी वाचलं. खरंच नसतो. तीन फोडी गेल्या. त्या राहिल्या!

मग माझ्या पायाशी बसून, नखं बघत — "अगं, अर्धी घेतली तर? फक्त हे तीन महिने. आईचंही समाधान."

"तू अर्धी लिफ्ट वर नेतोस का?"

तो हसला. मग हसू ओसरलं. "मागच्या वेळचं मला पुन्हा नकोय," म्हणाला.

"मलाही नकोय. म्हणूनच पूर्ण घेतेय."

"म्हणजे काय?"

म्हणजे काही नाही, म्हटलं. बटाटा छान आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आठ. सकाळी ३३, संध्याकाळी ४०. दोन्ही वेळा पुन्हा नको. नियम पाळतेय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

डावा अंगठा उडाला. आपोआप. दोनदा.

ही माझी जुनी ओळख. फिटच्या आधी कधी तासभर, कधी दोन दिवस, अंगठा असा उडतो. हातात चिमटा होता, चिमट्यात दोनशे ग्रॅमचं वजन. पडलं. टेबलावर आपटलं, कडेला ओरखडा. बारा वर्षांचं निष्कलंक वजन!

मायक्रो भिंग घेऊन आले, बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, "माझ्या हातून पडलं असं लिही. मला दोन वर्षं राहिलीत, साहेब माझं काय वाकडं करणार?"

"नको. माझ्या हातून पडलंय."

"अंगठा?"

मान हलवली. त्यांनी स्टूल ओढलं, मला खाली बसवलं, काट्याचं दार लावलं. तासभर बाजूला बसून राहिले. फिट आली नाही.

पण का? एकही गोळी चुकलेली नाही. पुन्हा घ्यावी लागली अशी वेळ सोळा दिवसांत एकदाच आली. मग अंगठा का उडतो?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल रक्त दिलं, आज आकडा आला. रक्तात औषध हवं त्याच्या निम्म्याहून कमी!

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला, चष्मा वर केला. "खरं सांग हं. गोळी घेतेस ना?"

मी वही समोर टाकली. प्रत्येक गोळी, प्रत्येक उलटी, मिनिटासकट. त्यांनी पानं उलटली. "अशी वही माझ्या एकाही पेशंटने ठेवलेली नाही," म्हणाल्या. मग पुन्हा — "घेतेस ना?"

"घेतेय." "या वेळी" हे दोन शब्द ओठांवर आले होते. मागे ढकलले.

त्यांनी डोस वाढवला. आणि आता उलटी झाली की स्वतः काही ठरवायचं नाही, आधी त्यांना फोन करायचा. रविवार असला तरी.

रविवार, २३ फेब्रुवारी

हे नीट लिहायचं. हसू येतंय आणि स्वतःच्या थोबाडीतही मारावीशी वाटतेय.

सकाळी ८.०० गोळी. उलटी. मान वर — ८.३६. खोलीत येऊन फोन लावला.

"छत्तीस मिनिटं झाली, डॉक्टर. पुन्हा नको ना?"

"किती वाजता झाली?"

"आठ छत्तीसला. आत्ताच."

त्यांनी घड्याळ बघितलं असावं. मग, "अगं, माझ्याकडे आत्ता आठ एकवीस झालेत. तू भविष्यातून बोलतेयस का?"

फोनच्या पडद्यावर बघितलं. ८.२१. फोन हातात घेऊन पॅसेजमध्ये गेले. भिंतीवर ८.३८.

"पुन्हा घे," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता. आणि मग ते घड्याळ फोडून टाक."

गोळी घेतली. ओरडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं फिट. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. आणि तो — अगदी निरागस — "हो, ते पुढे असतं की. सगळ्यांना माहितीये!"

सगळ्यांना! हा शाळेत असल्यापासून उशिरा निघतो, म्हणून आईंनी ते घड्याळ कधीकाळी पंधरा मिनिटं पुढे केलं. हा मनातल्या मनात पंधरा वजा करतो आणि पुन्हा उशिराच निघतो. आई वजा करतात. दूधवालासुद्धा वजा करत असेल! मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पंधरा म्हणतात, मी ताडून पाहिलं तर सतरा. म्हणजे चुकीतही चूक.

मी गोळीची वेळ एका घड्याळावर घेतली आणि उलटीची दुसऱ्या. दुसरं कधी तपासलं नाही. आमच्याकडे नव्याने लागलेल्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला आठवडाभर फरशी पुसायला लावली असती.

पुन्हा हिशोब मांडला. गोळीनंतरच्या उलट्या एकवीस. मी तीस मिनिटांच्या पुढे धरलेल्यांपैकी खरोखर आत होत्या तेरा. तेरा गोळ्या बेसिनमध्ये गेल्या आणि मी दर वेळी शहाण्यासारखं लिहिलं — पुन्हा नको.

आई दारात. "मला मेलीला काय ठाऊक तू त्यात बघतेस! तुझ्याकडे तर तुमचं ते शास्त्राचं घड्याळ असेल."

कामावरून आणलेली लाल चिकटपट्टी होती. घड्याळाच्या काचेवर लावली : "सदोष. वापरू नये." आई वाचून म्हणाल्या, "असं माणसांनाही लावता आलं तर बरं होईल." कोणाला म्हणाल्या ते विचारलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मायक्रोंना सांगितलं. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. मग रुमाल खिशात ठेवून — "तेरा?" "तेरा." "जा, दवाखान्यात जाऊन पड. वजनं कुठे पळून जात नाहीत."

नाही म्हणणार होते. पण सकाळी काट्यावर उभी राहिले होते. वजन ४९.१.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दवाखाना. हाताला सलाइन. उलटीचं औषध आता नळीतून जातंय. गोळीनंतर दीड तास झाला — घड्याळ फोनचं! — आणि अजून आत आहे.

बाळंतपणाच्या डॉक्टरांनी स्कॅन केला. त्या बोलायच्या आधी आकडा मीच वाचला. १६४.

हृदयाचे ठोके. मिनिटाला. बरोबर आहे म्हणाल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आई दिवसभर उशाशी. शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी त्यांचं गूळपीठ जमलंय. मी डोळे मिटून पडले होते, त्यांना वाटलं झोप लागली.

"मागचं त्या गोळ्यांनीच गेलं हो. पोर हुशार आहे, पण हट्टी. शिकलेल्यांना कोण समजावणार? आता घरी गेलो की मीच बघते. मुलाशी बोललेय मी."

नर्स सलाइन बदलायला आली तर तिलाही — "सिस्टर, ती फिटची गोळी तेवढी राहू द्या ना दोन दिवस."

"आजी, ती राहू दिली तर तुम्हालाच इथे दोन महिने राहावं लागेल."

आईंनी मान हलवली. पण पटलं नाही, ते कळत होतं. आणि "मुलाशी बोललेय" म्हणजे काय?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

घरी. कालपासून दोनच. रक्तातला आकडा चढायला लागलाय. अंगठा शांत.

नवऱ्याला विचारलं, आई काय बोलल्या तुझ्याशी? तो पाना पुसत होता. पुसलेलाच पाना पुन्हा पुसला. "तिचं म्हणणं इतकंच, की एकदा अनुभव घेतलाय आपण."

आपण.

शनिवार, १ मार्च

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ही वही खरी ठेवायची असेल तर तेही लिहावं लागेल.

गेल्या वर्षी. आठवा आठवडा. गोळ्यांच्या खोक्यातला कागद मी जेवणाच्या सुट्टीत वाचला. बारीक अक्षरं होती म्हणून वजनांवरचे ओरखडे बघायच्या भिंगाखाली धरला. बाळाला काय काय होऊ शकतं त्याची यादी. शक्यता किती तेही लिहिलं होतं. मला शक्यता वाचता येतात, तोच माझा धंदा. त्या दिवशी नाही आल्या. फक्त यादी दिसली.

त्या संध्याकाळपासून गोळी बेसिनमध्ये टाकली. अकरा दिवस. बावीस गोळ्या. गोळ्यांची पट्टी बरोबर दिसावी म्हणून वेळच्या वेळी फोडत होते. आयुष्यात एकदाच खोटी नोंद ठेवली, आणि तीही किती काटेकोर!

बाराव्या दिवशी जिन्यावर फिट आली. तीन दिवसांनी सगळं संपलं. पडल्यामुळे, फिटमुळे की आणखी कशामुळे, हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही असं डॉक्टर म्हणाल्या. पण आई म्हणाल्या, गोळ्यांनी घात केला. नवरा खाली मान घालून रडला. आणि मी ऐकून घेतलं. ज्या गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या त्यांच्यावर आळ आला, आणि मी तो येऊ दिला. गोळ्या काही उलटून बोलत नाहीत.

वर्षभर त्या दोघांना जे खरं वाटतंय ते मीच त्यांना दिलंय. मग भांडतेय कोणाशी?

रविवार, २ मार्च

सकाळी पट्टी जागेवर नाही. आई स्वयंपाकघरात, पट्टी गाऊनच्या खिशात, वरचं टोक दिसतंय. लपवलीही नव्हती.

"दोन दिवस. पोटाला जरा विसावा. मग देते."

नवरा भिंतीला टेकून. काही बोलला नाही. म्हणजे बोलणं आधीच झालंय.

मी खोलीत गेले. कामाच्या पिशवीत दुसरी पट्टी होती. बाहेर आले, दोघांच्या समोर एक फोडली, पाण्याबरोबर घेतली. ग्लास ओट्यावर आपटला.

"माझ्या जिवावर उठलीयस," आई म्हणाल्या. "माझ्या नातवंडाच्या." आवाज फाटला. हट्टाने नाही, घाबरून. त्या खरोखर घाबरल्यात. माझ्यापेक्षा जास्त.

फोनच्या घड्याळाने त्रेचाळीस मिनिटांनी उलटी. डॉक्टरांना फोन केला, पुन्हा नको म्हणाल्या. गोळी आत.

पिशवीतल्या पट्टीत पाच उरल्या. आणता येतील आणखी. रोज जिंकता येईल मला. सात महिने?

सोमवार, ३ मार्च

सकाळी पावणेआठला आईंना सांगितलं. नवरा कामावर निघून गेला होता. त्याला संध्याकाळी सांगणार. त्यांचं मशीन चालू होतं. बेसिन, अकरा दिवस, बावीस गोळ्या — उभ्यानेच, काही न गाळता. मशीन थांबलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हात उचलतील असं वाटलं, तरी मागे सरले नाही.

उठल्या. पेल्यात पाणी ओतलं. खिशातून पट्टी काढली, एक गोळी फोडून माझ्या तळहातावर ठेवली.

"गिळ," म्हणाल्या. "आणि तोंड उघडून दाखव."

मी आ केला.